‘पारंपरिक’ म्हणजे नक्की कोणाचं? फेअरपोर्ट कन्व्हेन्शन ऐकताना

सिनॉप्सिस लिहिताना एक शब्द आपल्या हातून हमखास पडतो: ‘पारंपरिक’. पारंपरिक गीत, पारंपरिक कला, पारंपरिक ज्ञान. शब्द इतका सवयीचा झालाय की तो लिहिताना आपण एक दावा करतोय, हेच लक्षात येत नाही. एखादी गोष्ट पारंपरिक आहे असं एकदा म्हटलं, की ती कोणी केली, कधी केली, कोणाकडून कोणाकडे गेली हे प्रश्न विचारायची गरजच उरत नाही. म्हणजे संशोधन जिथे सुरू व्हायला हवं, तिथेच आपण पूर्णविराम देऊन मोकळे होतो.

माझ्या पहिल्या चॅप्टरच्या पहिल्या मसुद्यात असंच एक वाक्य होतं: फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश बँडने १९६९ साली अमेरिकन संगीताचं अनुकरण सोडलं आणि ते आपल्या परंपरेच्या मुळांकडे वळले. वाक्य मला फार आवडलं होतं. गाइड मॅडमनी समासात पेन्सिलने एवढंच लिहिलं: ‘कोणाकडून? कधी? कशावरून?’ त्या तीन शब्दांनी माझे चार महिने खाल्ले आणि चॅप्टर पुन्हा लिहावा लागला. तुमचे चार महिने वाचावेत म्हणून आज या बँडबद्दल लिहितोय. त्यांचं संगीत कधीच ऐकलं नसेल तरी हरकत नाही. पण वाचून झाल्यावर जरूर ऐका.

आधी ओळख

१९६७ साली उत्तर लंडनमधल्या मसवेल हिल भागात काही पोरं एका घरात जमून वाजवायची. घराचं नाव ‘फेअरपोर्ट’. गिटारवाला सायमन निकोल तिथेच वाढलेला. ॲशली हचिंग्स बेस वाजवायचा, रिचर्ड थॉम्पसन लीड गिटार. घराचं नाव आणि ‘मेळावा’ या अर्थाचा एक इंग्रजी शब्द जोडून बँडचं नाव तयार झालं. जो बॉइड हा तरुण अमेरिकन निर्माता त्यांना लवकरच भेटला. सुरुवातीला ते गायचे बॉब डिलन, जोनी मिचेल अशा गीतकारांची गाणी. लोकसंगीताचा बँड वगैरे ते अजिबात नव्हते.

१९६८ मध्ये सॅंडी डेनी आली. लंडनच्या फोक क्लबांमध्ये गाऊन तिचा आवाज तयार झाला होता. (लेड झेपेलिनचं ‘द बॅटल ऑफ एव्हरमोर’ ऐकलं असेल, तर त्यातला स्त्रीचा आवाज तिचाच.) जुनी गाणी तिला पाठ होती. १९६९ या एकाच वर्षात बँडचे तीन अल्बम आले: ‘व्हॉट वी डिड ऑन अवर हॉलिडेज’, ‘अनहाफब्रिकिंग’ आणि डिसेंबरमध्ये ‘लीज अँड लीफ’. हा शेवटचा अल्बम म्हणजे इलेक्ट्रिक गिटार, ड्रम आणि व्हायोलिन घेऊन वाजवलेली जुनी बॅलड्स, म्हणजे गोष्ट सांगणारी कथागीतं. २००६ साली बीबीसी रेडिओ २ च्या श्रोत्यांनी त्याला आजवरचा सर्वांत प्रभावी फोक अल्बम ठरवलं. ‘मुळांकडे परतणं’ हे वाक्य याच अल्बमबद्दल सगळीकडे सापडतं. आता ते तपासू.

तपासणी पहिली: तारखा लावून बघा

या बँडची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. १२ मे १९६९ च्या पहाटे बर्मिंगहॅमचा कार्यक्रम आटोपून परत येताना त्यांची व्हॅन एम-१ महामार्गावर उलटली. ड्रमर मार्टिन लँबल गेला, जेमतेम १९ वर्षांचा. थॉम्पसनची मैत्रीणही गेली. वाचलेल्यांनी त्या उन्हाळ्यात हॅम्पशरमधल्या फार्ली चेंबरलेन इथे एक मोठं घर भाड्याने घेतलं, डेव्ह मॅटक्स हा नवा ड्रमर आणि डेव्ह स्वॉरब्रिक हा व्हायोलिनवादक सोबत घेतला आणि ‘लीज अँड लीफ’ची गाणी बसवली. मग गोष्ट अशी रचली जाते: दुःखातून सावरण्यासाठी ते जुन्या गाण्यांकडे गेले.

गोष्ट भिडणारी आहे, म्हणूनच जपून. ‘अनहाफब्रिकिंग’मध्ये ‘अ सेलर्स लाइफ’ हे जुनं गाणं आहे, ११ मिनिटांहून मोठं. सॅंडी डेनी गाते, स्वॉरब्रिक पाहुणा म्हणून वाजवतोय, थॉम्पसनची गिटार त्याच्याभोवती घिरट्या घालते आणि लँबलचे ड्रम लाटांसारखे चढत जातात. पुढच्या अल्बमची सगळी कल्पना या एका गाण्यात आहे. अल्बम जुलैमध्ये बाजारात आला, अपघातानंतर. पण रेकॉर्डिंग अपघाताच्या आधीचं आहे. असणारच, कारण ड्रमवर लँबल आहे!

म्हणजे बीज अपघाताआधी पडलेलं होतं. अपघाताने काय केलं? जुना कार्यक्रम पुन्हा वाजवणं त्यांना नकोसं झालं, त्यामुळे नव्या गाण्यांची गरज निर्माण झाली. ‘काहीतरी नवं का हवं होतं’ याचं उत्तर अपघातात मिळतं. ‘बॅलडच का’ याचं मिळत नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. चरित्रातली एखादी मोठी घटना दिसली की आपण तिला कारण करून टाकतो. तुमच्या विषयातही असं एखादं मरण, एखादा तुरुंगवास, एखादं स्थलांतर असेलच. आधी तारखांचा तक्ता करा, मग ‘म्हणून’ हा शब्द वापरा. आणि प्रकाशनाची तारीख म्हणजे निर्मितीची तारीख नव्हे, हे त्या तक्त्याच्या वरच लिहून ठेवा.

तपासणी दुसरी: मुळं कुठल्या मातीत?

१९६८ मध्ये ‘म्युझिक फ्रॉम बिग पिंक’ हा ‘द बँड’ नावाच्या उत्तर अमेरिकी ग्रुपचा अल्बम आला. फेअरपोर्टच्या मंडळींवर त्याचा जबर परिणाम झाला. हे लोक आपल्या मातीतलं वाजवताहेत, आपण त्यांची नक्कल करून काय साधणार, असं त्यांना वाटलं. मग आपली माती कुठली, हा प्रश्न आला. म्हणजे बघा, ‘अमेरिकन अनुकरण सोडा’ हा धडाही एका अमेरिकी रेकॉर्डकडूनच मिळालेला.

आता ‘लीज अँड लीफ’मधलं सर्वांत गाजलेलं गाणं घ्या: ‘मॅटी ग्रोव्ह्ज’. सरदाराची बायको, तिचा गरीब प्रियकर, पहाटे परत आलेला नवरा, द्वंद्व, दोन मृत्यू. गोष्ट खरोखर जुनी आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या ‘द नाइट ऑफ द बर्निंग पेसल’ या नाटकात तिचा तुकडा येतो. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या हार्वर्डच्या प्राध्यापकाने १८८२ ते १८९८ या काळात इंग्लिश आणि स्कॉटिश बॅलड्सचा जो प्रचंड संग्रह छापला, त्यातल्या ३०५ बॅलड्सपैकी ही ८१ वी. पण फेअरपोर्टने तिला लावलेली चाल? ती अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगरांतल्या ‘शेडी ग्रोव्ह’ या गाण्याच्या घराण्यातली. इंग्लिश फोक-रॉकचं शिखर म्हणून जे गाणं दाखवतात, त्याचे शब्द चाइल्डसारख्या अमेरिकन विद्वानाने क्रमांक देऊन लावलेले आणि चाल समुद्रापलीकडची.

‘टॅम लिन’ची गोष्ट घडते स्कॉटलंडमध्ये, सेलकर्कजवळच्या कार्टरहॉ इथे. ‘फेअरवेल, फेअरवेल’चे शब्द थॉम्पसनचे स्वतःचे, चाल ‘विली ओ’विन्सबरी’ची. या चालीची तर गंमतच आहे. १९६८ मध्ये स्वीनीज मेन या आयरिश ग्रुपच्या अँडी अर्व्हिनने ते बॅलड रेकॉर्ड केलं, तेव्हा पुस्तकात चाल शोधताना चुकून दुसऱ्याच बॅलडची चाल उचलली, असं त्याने स्वतःच सांगितलंय. एका वर्षाच्या आत ती चूक फेअरपोर्टपर्यंत पोचली. आज अनेकांच्या कानाला तीच ‘मूळ’ चाल वाटते.

‘म्हणजे हे सगळं खोटं’ असं म्हणायची घाई करू नका. गाणी प्रवास करतात आणि प्रवासात चुकतात, तोच त्यांचा स्वभाव. खोटं आहे ते ‘मुळं’ हे रूपक. झाडाला मुळं एका जागी असतात. गाण्याला फक्त आधीचे गायक, आधीचे छापखाने आणि आधीच्या चुका असतात.

तपासणी तिसरी: लांडगी गोष्ट, कोल्ह्याचे दात

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण. ‘लीज अँड लीफ’मध्ये ‘रेनार्डिन’ हे गाणं आहे. डोंगरात एक गूढ पुरुष एका मुलीला भेटतो आणि आपल्या वाड्याकडे घेऊन जातो. बँड जवळजवळ तालाशिवाय वाजवतो, व्हायोलिन आणि झांजांचं धुकं पसरलेलं, आणि त्यातून डेनीचा आवाज. हा पुरुष माणसाचं रूप घेतलेला कोल्हा आहे, असं ऐकणाऱ्याच्या अंगावर येतं. त्याचे चमकणारे दात हा त्यातला सर्वांत भीतीदायक तपशील. कित्येक लेखांत वाचाल की हा ख्रिस्तपूर्व लोकश्रद्धेचा अवशेष वगैरे.

ह्या रूपात ते गाणं प्रसिद्ध केलं ए. एल. लॉइड यांनी. लॉइड म्हणजे ब्रिटनच्या फोक पुनरुज्जीवनातले वडीलधारे: गायक, अभ्यासक, डाव्या विचारांचे पत्रकार. ‘फोक साँग इन इंग्लंड’ हे त्यांचं १९६७ चं पुस्तक त्या पिढीच्या हातात असायचं. त्यांनी सांगितलं की आपल्याला हे गाणं सफोकमधल्या एका गायकाकडून मिळालं. लोकांनी मान्य केलं. का नाही करणार? लॉइड सांगताहेत म्हटल्यावर!

२००४ साली स्टीफन विनिक या अभ्यासकाने ‘फोकलोअर’ या नियतकालिकात या गाण्याची साखळी मागे मागे नेत तपासली. एकोणिसाव्या शतकातल्या छापील पत्रकांत रेनार्डिन हा एक फरारी, बंडखोर माणूस आहे. कोल्हा नाही, जादू नाही. कोल्ह्याचं रूप घेणाऱ्याची कल्पना ठळक होते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, हर्बर्ट ह्यूज आणि कवी जोसेफ कॅम्बेल या आयरिश मंडळींच्या हाताखालून. लॉइडनी जुने शब्द, आयरिश कवींचा साज आणि स्वतःची भर असं एकत्र करून नवं गाणं घडवलं आणि त्यावर ‘लोकांकडून मिळालं’ असा शिक्का मारला, असा विनिकच्या मांडणीचा सारांश.

आता संशोधक म्हणून तुम्ही लॉइडना काय म्हणाल? माझा पहिला विचार होता: लबाड. मॅडमनी विचारलं, ‘गाणं वाईट आहे का?’ नाही, अप्रतिम आहे. तेव्हा लक्षात आलं की इथे दोन वेगळे निवाडे द्यायचे आहेत. कवी म्हणून लॉइड मोठे. ते दात त्यांच्या हातूनच इतके धारदार झाले. पण साक्षीदार म्हणून ते विश्वासार्ह नाहीत, कारण आपण काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही. भर घालणं हा गुन्हा नाही, लपवणं हा आहे. आणि त्या लपवण्याची किंमत कोण मोजतं? पुढचा प्रत्येक विद्यार्थी, जो त्या दातांवरून इंग्लंडच्या प्राचीन श्रद्धांवर चॅप्टर लिहून बसतो.

मग हे बँडला कुठून मिळालं?

हचिंग्स त्या काळात लंडनच्या सेसिल शार्प हाउसमध्ये जाऊन बसायचा. इंग्लिश लोकनृत्य आणि लोकगीत सोसायटीची ही इमारत १९३० मध्ये उघडली, तिथे मोठं ग्रंथालय आहे. नाव ज्यांचं आहे त्या सेसिल शार्प यांनी १९०३ मध्ये सॉमरसेटमधल्या हँब्रिज गावी एका माळ्याकडून पहिलं गाणं उतरवून घेतलं. पुढे १९१६ ते १९१८ दरम्यान मॉड कार्पेलीस यांच्यासोबत ॲपलेशियन डोंगरांत फिरून इंग्लिश गाणी शोधली. म्हणजे इंग्लंडच्या गाण्यांचा अमेरिकेतला प्रवासही याच ग्रंथालयात नोंदलेला आहे.

तेव्हा या बँडने ‘परंपरेतून’ घेतलं ते प्रत्यक्षात असं: काही डेनी आणि स्वॉरब्रिक यांच्या क्लबांतल्या पाठांतरातून, काही लॉइडसारख्यांच्या रेकॉर्डवरून आणि काही हचिंग्सच्या वाचनातून. अल्बमच्या जाकिटाच्या आतही लोकरूढींची चित्रं आणि टिपणं आहेत, चाइल्ड आणि शार्प यांच्यासह. त्यांनी आपली वाचनाची यादी जाकिटावर छापली, असंच मी त्याला म्हणतो.

इथे एक इशारा. शार्पवर टीका करणारं डेव्ह हार्कर यांचं ‘फेकसाँग’ (१९८५) हे पुस्तक वाचलं, की सगळं लोकगीत म्हणजे मध्यमवर्गीय संग्राहकांनी रचलेलं सोंग वाटायला लागतं. मलाही वाटलं आणि मी दोन पानं तावातावाने लिहिली. मग सी. जे. बेअरमन यांचा २००२ चा लेख हाती आला. हार्कर यांनी शार्पच्या सॉमरसेटमधल्या कामाबद्दल जे आकडे आणि निष्कर्ष दिले, ते त्यात तपासून खोडलेत. मुखवटा काढणाऱ्याचीही तपासणी करायची असते. आपल्याला पटणारा सिद्धांत मांडणारा लेखक हा आपल्यासाठी सगळ्यात धोकादायक लेखक.

तरीही हा अल्बम मोठा का?

इथपर्यंत वाचून वाटेल, सगळं उसनं, मग उरलं काय? उरलं ते वाचन. समीक्षेचं खरं काम इथे सुरू होतं.

‘मॅटी ग्रोव्ह्ज’ नीट ऐका. डेनी कुठेही रडत नाही, अभिनय करत नाही. नवरा, बायको, नोकर, प्रियकर सगळे एकाच सरळ आवाजात बोलतात. खून होतात तेव्हाही सूर हलत नाही. शेवटी सरदार दोघांना एका खड्ड्यात पुरायला सांगतो, पण बायको वर, कारण ती उच्च कुळातली. मेल्यावरही प्रतवारी! गाणं इथे संपतं. आणि मग बँड थांबतच नाही. व्हायोलिन आणि गिटार एकमेकांवर धावून जातात, कितीतरी वेळ. गायिकेने जे दाखवलं नाही ते सगळं तिथे बाहेर पडतं. जुन्या गायकांची भावना न दाखवता गोष्ट सांगण्याची रीत त्यांनी पाळली, आणि त्या रीतीत जे दाबलेलं होतं त्याला वाद्यांतून जागा दिली. हे अनुकरण नाही आणि मोडतोडही नाही. हा अन्वयार्थ आहे.

‘टॅम लिन’मध्ये जेनेट आपल्या प्रियकराला घट्ट धरून ठेवते आणि परी-राणीच्या जादूने त्याची रूपं बदलत जातात. मॅटक्सचे ड्रम तिथे अडखळत, आघात देत चालतात. डान्स बँडमधून आलेल्या ह्या माणसाला लोकसंगीत नवीन होतं, त्यामुळे ते ‘कसं वाजवायचं असतं’ हे ओझं त्याच्या डोक्यावर नव्हतं. परकेपणाचा असाही फायदा होतो.

माझं म्हणणं थोडक्यात: ‘लीज अँड लीफ’ हे मुळांकडे परतणं नाही. ‘आपल्या भाषेतलं रॉक कसं असेल?’ असा एक नेमका प्रश्न घेऊन केलेलं ते दुय्यम साधनांचं ताकदीचं वाचन आहे. प्रश्न खरा होता म्हणून काम खरं झालं. साधनं सगळी अस्सल होती म्हणून नव्हे.

प्रश्न संपल्यावर

याचा पुरावा पुढच्या कारकिर्दीत आहे. अल्बम दुकानात पोचायच्या आधीच, नोव्हेंबर १९६९ मध्ये, हचिंग्स आणि डेनी दोघेही बाहेर पडले. हचिंग्सला आणखी खोल पारंपरिक गाण्यांत जायचं होतं, त्याने स्टीलाय स्पॅन काढला. डेनीला स्वतःची गाणी हवी होती, तिने फॉदरिंगे काढला. एकाच प्रश्नातून दोन उलट दिशांचे प्रश्न निघाले.

मागे राहिलेल्यांनी डेव्ह पेगला बेसवर घेऊन १९७० मध्ये ‘फुल हाउस’ केला. वादन झकास, पण गायिका नाही. १९७१ च्या सुरुवातीला थॉम्पसन गेला. त्याच वर्षी ‘बॅबकूम ली’ आला. १८८५ मध्ये एक्सेटरच्या तुरुंगात जॉन ली नावाच्या खुन्याला फाशी देताना सापळा तीनदा उघडलाच नाही आणि शेवटी त्याची शिक्षा बदलावी लागली. स्वॉरब्रिकला जुन्या वस्तूंच्या दुकानात लीच्या आत्मकथनाची वृत्तपत्रीय कात्रणं मिळाली, त्यावर अख्खा अल्बम रचला. अल्बम सगळीकडे जमलेला नाही. काही गाणी नुसतीच गोष्ट पुढे ढकलतात. तरी मला तो आवडतो, कारण इथे साधन समोर ठेवलंय: ही कात्रणं, हा माणूस, आणि ही आमची गाणी. लॉइडनी जे लपवलं, ते इथे उघड आहे.

त्यानंतर मात्र प्रश्न हरवतो. निकोलही निघून गेला आणि बँडमध्ये संस्थापक एकही उरला नाही. ‘रोझी’, ‘नाइन’ हे १९७३ चे अल्बम ऐकताना जाणवतं की आता एक साचा तयार झालाय: थोडं व्हायोलिन, थोडा जिग, थोडं जुनं गाणं. डेनी काही काळ परतली, ‘रायझिंग फॉर द मून’ (१९७५) झाला. त्यात तिची स्वतःची चांगली गाणी आहेत, पण तो तिचा अल्बम वाटतो. १९७८ मध्ये ती गेली, ३१ वर्षांची. ४ ऑगस्ट १९७९ रोजी ऑक्सफर्डशरमधल्या क्रॉप्रेडी गावात बँडने निरोपाची मैफल केली.

निरोप टिकला नाही. लोक दरवर्षी जमत राहिले, १९८५ मध्ये बँड पुन्हा उभा राहिला आणि क्रॉप्रेडीचा ऑगस्टमधला मेळा आजही त्यांची ओळख आहे. तो दरवर्षी ‘मीट ऑन द लेज’ या गाण्याने संपतो. हजारो लोक एकत्र गातात, गेलेल्यांची आठवण काढतात. गाणं थॉम्पसनचं, १९६८ चं, त्याने अगदी तरुणपणी लिहिलेलं. कर्ता माहीत, साल माहीत, रेकॉर्ड उपलब्ध. आणि तरी ते लोकगीतासारखं वागतंय. मला वाटतं, या बँडने परंपरेबद्दल सगळ्यात मोठी गोष्ट इथे शिकवली, तीही न ठरवता. परंपरा म्हणजे गाण्याचं वय किंवा कर्त्याचं नसणं नाही. लोक त्या गाण्याचं काय करतात, ती परंपरा.

तुमच्या टेबलावर

हे आपल्याकडेही लागू आहे, आणि नुसतं उपमेपुरतं नाही. चाइल्डचे खंड निघत होते त्याच काळात, १८९१ मध्ये, हॅरी ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी मराठी पोवाड्यांचा संग्रह छापला. १८९४ मध्ये ॲकवर्थने त्यातल्या काहींची इंग्रजी भाषांतरं काढली, ‘बॅलड्स’ असं नाव देऊन. पण पोवाड्याच्या शेवटी शाहीर आपलं नाव गुंफतो. बॅलड म्हणजे अनामिक लोकांचं, ही तेव्हाची समजूत या शब्दासोबत आली की ते नाव मागे पडतं. उलट बाजूचं उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या प्रकल्पात ओवीसोबत बाईचं नाव आणि गाव नोंदलं गेलं. फरक बघा: एकीकडे ‘स्त्रियांची पारंपरिक ओवी’, दुसरीकडे ह्या गावच्या ह्या बाईने गायलेली ओवी. संशोधन दुसऱ्या वाक्यावर उभं राहतं.

रेकॉर्डवर ‘पारंपरिक, संयोजन अमुक’ असं लिहिलं की रॉयल्टी संयोजकाला मिळते, ज्याच्या तोंडून गाणं उतरवलं त्याला काही नाही. आपल्या प्रबंधात रॉयल्टी नसते, पण श्रेय असतं. ‘परंपरेतून घेतलं’ हे वाक्य श्रेय बुडवायचा सगळ्यात सभ्य मार्ग आहे.

तेव्हा सिनॉप्सिस सबमिट करायच्या आधी एवढं करा. फाइलमध्ये ‘पारंपरिक’, ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ हे तीन शब्द शोधा. जिथे सापडतील तिथे समासात लिहा: कोणाकडून? कधी? कशावरून? उत्तर मिळालं तर शब्द काढून उत्तर लिहा. नाही मिळालं तर तो तुमचा संशोधन-प्रश्न असू शकतो, तो फेकू नका.

आणि छापलेलं आहे म्हणून कशावरही विसंबू नका. १९९९ मध्ये डेव्ह स्वॉरब्रिक आजारी असताना ‘द डेली टेलिग्राफ’ने त्याचा मृत्युलेख छापला होता. तो त्यानंतर २०१६ पर्यंत जगला आणि तब्येत सावरल्यावर पुन्हा वाजवलंही.

आज रात्री ‘अ सेलर्स लाइफ’ ऐका, हेडफोन लावून. लँबलच्या ड्रमकडे लक्ष द्या. तारखांचा तक्ता का करायचा, ते तिथे कळेल.